स्वप्नात पाय का उचलत नाहीत?

दोस्तांनो,

तुम्ही जिवाच्या आकांताने पळताय. मागे कुणीतरी लागलंय. कुणाच्या मागे बैल असतो, कुणाच्या मागे चोर, तर कुणाला मागचा दिसतच नाही, नुसती पावलं ऐकू येतात. घराचं दार समोर आहे, पण पाय जणू चिखलात रुतलेत. ‘आई!’ अशी हाक मारायची आहे, तर घशातून आवाज फुटत नाही. आता तो पकडणार, इतक्यात... जाग येते! छाती धडधडतेय, अंगाला घाम सुटलाय, डोक्यावर पंखा गरगरतोय आणि शेजारी धाकटा भाऊ ढाराढूर झोपलाय.

पडलंय ना असं स्वप्न? मग लाजू नका. तुमच्यासारखे खूप जण आहेत. कॅनडातल्या हजाराहून जास्त कॉलेजच्या मुलामुलींना स्वप्नांची एक लांबलचक यादी देऊन ‘यातली कुठली स्वप्नं तुम्हाला पडली आहेत?’ असं विचारलं होतं. २००३ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. पहिला नंबर कुणाचा आला असेल? हवेत उडण्याचा? नापास होण्याचा? छे! पाठलागाचा. दर दहांपैकी आठ जणांनी ‘हो, पडलंय’ असं सांगितलं होतं.

बरं, या स्वप्नाचा अर्थ काय? बाजारात स्वप्नफलाची पुस्तकं मिळतात. साप दिसला तर अमुक, दात पडला तर तमुक. शिवाय आजी सांगते, ‘पहाटेचं स्वप्न खरं होतं हो!’ मग पहाटे वाघ मागे लागला, की आपण दिवसभर धास्तावलेले. पण दोस्तांनो, उद्या काय होणार हे स्वप्नाला ठाऊक नसतं. पहाटेच्या स्वप्नाची गंमत मात्र खरी आहे. ती कळण्यासाठी आपल्याला अमेरिकेतल्या शिकागो शहरात जायला हवं.

शिकागो विद्यापीठात युजीन ॲसेरिन्स्की नावाचा एक विद्यार्थी प्राध्यापक नॅथॅनियल क्लाइटमन यांच्या हाताखाली झोपेचा अभ्यास करत होता. एका रात्री त्याने आपल्या आठ वर्षांच्या मुलालाच यंत्र जोडून झोपवलं. पोरगा गाढ झोपलेला आणि यंत्राच्या लेखण्या कागदावर भराभर नागमोडी रेघा ओढायला लागल्या! यंत्र बिघडलं की काय? नाही. मिटलेल्या पापण्यांखाली मुलाचे डोळे इकडून तिकडे धावत होते. अशा झोपेतून माणसांना उठवलं, तर बरेच जण म्हणत, ‘आत्ता स्वप्न बघत होतो.’ गुरुशिष्यांनी हा शोध १९५३ साली प्रसिद्ध केला.

ही ‘धावत्या डोळ्यांची झोप’ रात्रीतून चार-पाच वेळा येते, साधारण दीड-दीड तासाने. सुरुवातीला ती थोडाच वेळ टिकते आणि पहाटेकडे लांबत जाते. म्हणजे पहाटे स्वप्नं भरपूर, लगेच जागही येते, म्हणून ती आठवतात. पहाटेचं स्वप्न खरं होत नाही, ते लक्षात राहतं! काय, पटतंय ना?

आता पायांचं कोडं. फ्रान्समधल्या ल्यों शहरातले शास्त्रज्ञ मिशेल जुव्हे यांनी झोपलेल्या मांजरांचा अभ्यास केला. धावत्या डोळ्यांच्या झोपेत मांजराचे स्नायू अगदी सैल पडतात, हे त्यांना १९५९ च्या सुमारास आढळलं. मेंदूच्या देठातून हातापायांना जणू कुलूप घातलं जातं. श्वास चालू, डोळे चालू, बाकी सगळं बंद. ज्या मांजरांच्या मेंदूतला हे कुलूप घालणारा भाग काम करत नव्हता, ती झोपेतच उठून जणू न दिसणाऱ्या उंदरावर झडप घालत!

माणसालाही हे कुलूप असतं आणि ते आपल्या भल्यासाठीच असतं. नाहीतर स्वप्नात पळता पळता आपण कपाटावरच आपटलो असतो. स्वप्नात मेंदू ‘पळ!’ म्हणतो आणि खरे पाय जागचे हलत नाहीत. म्हणूनच पाय रुतल्यासारखे वाटत असावेत, असं काही शास्त्रज्ञांचं म्हणणं आहे. तेव्हा पाय उचलले नाहीत म्हणजे तुम्ही भित्रे, असं मुळीच नाही. ते फक्त कुलूप आहे.

पण मुळात मागे कुणी लागतंच का? फिनलंडचे शास्त्रज्ञ आन्टी रेव्होन्सुओ यांनी २००० साली एक विचार मांडला. आपले पूर्वज रानात राहायचे, संकटातून निसटायची तालीम त्यांचा मेंदू झोपेत करायचा, आणि ती सवय अजून टिकून आहे. सगळ्या शास्त्रज्ञांना हे पटलेलं नाही. मात्र दिवसाची काळजी रात्री स्वप्नात शिरते, हे बहुतेकांना मान्य आहे. आपली म्हण काय सांगते? मनी वसे ते स्वप्नी दिसे.

यावरून माझ्या भाच्याची गोष्ट सांगतो. तो सहावीत होता. रोज रात्री एक काळा कुत्रा त्याच्या मागे लागायचा. पुढे पुढे तो झोपायलाच घाबरू लागला. घरात सगळे त्याला हसायचे, कारण दिवसा हा गल्लीतल्या कुत्र्यांना बिस्किटं घालणारा! एकदा सुट्टीत मी त्याला विचारलं, “अरे, कुत्र्याचं राहू दे. जागेपणी असं कुठे पळावंसं वाटतं का तुला?” बराच वेळ तो गप्प. मग हळूच म्हणाला, “मामा, शाळेच्या मागच्या बोळात.”

त्या बोळात तीन मोठी मुलं त्याची सायकल अडवायची, चाकातली हवा सोडायची, डबा काढून घ्यायची.

“मग आईला सांगितलं का नाहीस?”

“सगळे रडूबाई म्हणतील.”

स्वप्नात ती मुलं कधीच आली नव्हती. भीतीने कुत्र्याचं सोंग घेतलं होतं, एवढंच. ताई दुसऱ्या दिवशी वर्गशिक्षकांना भेटली, काही दिवस त्याच्याबरोबर चालत गेली. बोळातला त्रास थांबला. कुत्रा मात्र लगेच गेला नाही, महिनाभर अधूनमधून येत राहिला. मग येईनासा झाला.

म्हणून दोस्तांनो, असं स्वप्न पडलं तर पुस्तकात अर्थ शोधू नका. स्वतःलाच विचारा, ‘जागेपणी मी कशापासून पळतोय?’ कदाचित न झालेला अभ्यास असेल, मैत्रिणीशी झालेलं भांडण असेल, नाहीतर रात्री पाहिलेला भुताचा सिनेमा. काहीच सापडलं नाही, तर सोडून द्या. प्रत्येक स्वप्नामागे कारण असतंच असं नाही. पण जर खरंच कुणी त्रास देत असेल, घाबरवत असेल, ‘कुणाला सांगू नकोस’ म्हणत असेल, तर आई, बाबा, बाई, सर, ज्यांच्यावर विश्वास आहे त्यांना सांगाच. आणि पहिल्याने ऐकलं नाही, तर दुसऱ्याला सांगा. हे चुगली करणं नव्हे. मुलांसाठी १०९८ हा मोफत फोन नंबरही आहे.

आणि आता एक युक्ती. दिवसा, भरपूर उजेडात, ते स्वप्न वहीत लिहा. मग त्याचा शेवट तुम्हाला हवा तसा बदला. मागे वळून विचारा, ‘काय रे, काय पाहिजे?’ किंवा कुत्र्याला बिस्किट द्या! तो नवा शेवट रोज थोडा वेळ डोळे मिटून बघा. अमेरिकेतल्या डॉ. बॅरी क्रॅको यांनी मोठ्या माणसांना हीच युक्ती शिकवली आणि त्यांची भयस्वप्नं कमी झाली, असं २००१ च्या त्यांच्या अभ्यासात दिसलं. 

आईबाबांनो, दोन शब्द तुमच्यासाठी. रात्री मूल दचकून उठलं, तर ‘एवढा घोडा झालास तरी घाबरतोस?’ असं म्हणू नका. जवळ घ्या, पाणी द्या, पाठीवरून हात फिरवा. विचारपूस सकाळी करा. स्वप्नं वारंवार पडत असतील, मूल झोपायलाच नको म्हणत असेल, तर डॉक्टरांचा सल्ला जरूर घ्या.

चला तर मग, आज रात्री कुणी मागे लागलंच, तर सकाळी वही उघडायची. नवा शेवट लिहायला पाय लागत नाहीत, पेन्सिल लागते!

तुमचा,
मामा