ओढ हवी असेल तर पंप वाढवू नका, इंजिन नीट बांधा



ऊसविकास अधिकाऱ्याने लागण, बेणे, खते यांवर लिहावे. इंजिनाशी त्याचा काय संबंध, असे काही जण म्हणतील. पण वर्ष-दीड वर्ष जपलेला ऊस शेवटी एखाद्या जुन्या ट्रकच्या भरवशावर गव्हाणीपर्यंत येतो. तो ट्रक वाटेत बसला की उसाचे वजन घटते, आतली साखर फुटू लागते आणि उतारा खाली येतो. तोडलेला ऊस २४ तासांत गाळला जावा, हे आम्ही दर मेळाव्यात सांगतो. शिवाय तोडणी-वाहतुकीचा खर्च आपल्याच एफआरपीतून वजा होतो. तेव्हा विषय आपलाच आहे.

६९७ इंजिनाची जुनी टाटा गाडी आपल्यातल्या बहुतेकांना ठाऊक आहे. ६ सिलिंडर, ९७ मिलिमीटरचा बोअर, १२८ मिलिमीटरचा स्ट्रोक, म्हणजे सुमारे ५.७ लिटरचे इंजिन. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ गाड्या आल्या. त्यांच्या सेन्सरपुढे गावचा फिटर हात टेकतो. जुने इंजिन तो डोळे झाकून उघडतो. म्हणून गाडी पासिंगला निघते आहे तोवर जुने इंजिन बांधून घेणे परवडते, हे मला मान्य आहे. माझे भांडण आहे ते बांधण्याच्या रीतीशी.

होते काय, की दसरा उलटला, टोळ्या यायची वेळ झाली, की गाडी गॅरेजला लागते. रिंगा आणि शेल बदलून ‘हाफ इंजिन’ होते. बोअर मोजत नाहीत, क्रँक मोजत नाहीत. मग भरलेली गाडी फडातून निघत नाही म्हणून मालक म्हणतो, “पंप थोडा वाढव.” डिझेल जास्त जाते, पण तेवढी हवा कुठून आणणार? काळा धूर निघतो, आतली उष्णता वाढते, पिस्टनचा माथा भाजतो आणि ऐन जानेवारीत गाडी घाटाच्या पायथ्याशी उभी राहते. काळा धूर म्हणजे ताकद, ही समजूत डोक्यातून काढून टाका. तो न जळालेला पैसा आहे.

ओढ खरोखर वाढवायची तर क्राउन-पिनियनचा हिशेब करा. जास्त ओढीची जोडी बसवली की वेग कमी होतो, पण उसाच्या गाडीला वेग हवाय कशाला? तीच गोष्ट टर्बोची. साध्या इंजिनावर जुन्या बाजारातला टर्बो चढवणारे भेटतात. टर्बो इंजिनाचे पिस्टन निराळ्या घडणीचे असतात, हे त्यांना कोण सांगणार?

इंजिन बांधायचे ते पावसाळ्यात, घाई नसताना. लायनर सगळ्यात जास्त झिजतो तो वरच्या रिंगेच्या जागी. तिथे गेज लावून मोजावे आणि मगच लायनर-पिस्टनचे ठरवावे. क्रँक घासून घेताना जर्नलच्या कोपऱ्यातली गोलाई राखली आहे की नाही, हे मालकाने स्वतः पाहावे. कोपरा धारदार राहिला की भाराखाली क्रँक तिथूनच मोडतो. कनेक्टिंग रॉडचे बोल्ट नवे घ्यावेत, टॉर्क पान्याने आवळावेत. नोझल आणि पंप टेस्टिंगवर कंपनीच्या मापालाच लावून घ्यावेत.

एवढे करूनही इंजिन लवकर जाते ते धुळीने. फडातली माती बारीक असते. एअर क्लीनरपासून मॅनिफोल्डपर्यंतच्या रबरी नळीला एक चीर असली तरी नव्या रिंगा एका हंगामात संपतात. ऑइल-बाथ क्लीनर असेल तर तेल हंगामात वरचेवर बदला. खर्च चहापाण्याएवढा आहे. रेडिएटरच्या जाळीत पाचट अडकते, ते रोज झाडावे. आणि गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून फेकण्याची जी खोड पडली आहे, ती सोडा. त्याने आतला क्षार जात नाही. उलट इंजिन थंडच चालते आणि झीज वाढते. रेडिएटर उघडून साफ करणे हाच उपाय.

नवे बांधलेले इंजिन तासन्‌तास नुसते चालू ठेवणेही चुकीचे. रिंगा बसायला मध्यम भार लागतो. पावसाळ्यात खत, सिमेंट, जे भाडे मिळेल ते अर्ध्या भाराने करा, पहिले ऑइल लवकर बदला आणि मगच उसाला लावा.

यात गाडीमालकाचा खर्च वाढतो, हे उघड आहे. हाफ इंजिनाच्या मानाने फुल इंजिन महागच. पण हंगामातले चार दिवस गाडी उभी राहिली तर टोळी बसून राहते, तिचा खर्च अंगावर येतो, उचल फिटत नाही आणि ज्याचा ऊस फडात वाळतो तो मुकादमाला शिव्या देतो.

म्हणून माझे वैयक्तिक मत असे, की वाहतूक करार करताना कारखान्याने गाडीचा रंग आणि टायर पाहण्यापेक्षा इंजिनाची मापे आणि पंप टेस्टिंगची चिठ्ठी मागावी. ज्याने पावसाळ्यात इंजिन बांधले, त्याला उचलीचा पहिला हप्ता लवकर द्यावा; पैसा लागतो तो तेव्हाच. वार्षिक सभेच्या आधी गटवार बैठका होतील, त्यांत गाडीमालक सभासदांनी हा विषय काढावा. विरोधात बोलायचे असेल तर जरूर बोलावे, पण येताना मागच्या हंगामातली गॅरेजची बिले सोबत आणावीत.