घरचा सर्व्हर, घरापुरता

जुन्या लॅपटॉपला मोठी हार्ड डिस्क लावायची, त्यावर ‘जेलीफिन’ नाहीतर ‘प्लेक्स’ हे सॉफ्टवेअर टाकायचं, की शिरवळच्या घरातल्या टीव्हीवर लग्नाची कॅसेट, आजोबांचं कीर्तन, विकत घेतलेल्या नाटकांच्या सीडी सगळं दिसू लागतं. याचा मी पुरस्कर्ता आहे. जेलीफिनला तर बाहेरच्या कुठल्या कंपनीचं खातंही लागत नाही. प्लेक्सला लागतं, आणि ऑगस्ट २०२२ मध्ये त्यांच्याकडून ग्राहकांचे ईमेल आणि सांकेतिक रूपातले पासवर्ड चोरीला गेले होते.

अडचण सुरू होते ती हा सर्व्हर पुण्यातल्या मेहुण्याला, वरच्या मजल्यावरच्या भाडेकरू पोरांना उघडून दिल्यावर. सर्व्हर ज्याचा, त्याला एका पडद्यावर सगळं दिसतं: कोण, कुठल्या मोबाइलवरून, रात्री किती वाजता, काय पाहतंय. परक्या कंपनीची नजर चुकवली आणि भाचीला मामाच्या नजरेखाली बसवलं! कंपनी निदान ओळखीची तरी नसते. शिवाय २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा घरगुती कारणासाठी एखाद्या व्यक्तीने हाताळलेल्या माहितीला लागूच होत नाही. त्या भाचीने त्या कायद्याखाली दाद मागायची सोयच नाही.

दुसरी बाजू कॉपीराइटची. ‘डिस्क मी पैसे मोजून घेतलीय’ हे उत्तर घराच्या उंबरठ्यापर्यंतच चालतं. १९५७ च्या कायद्यातलं कलम ५२ खासगी वापराला रास्त मोकळीक देतं. पण त्याच कायद्याच्या व्याख्येत एकापेक्षा जास्त घरांत, हॉटेल वा हॉस्टेलच्या खोल्यांत एकाच वेळी कलाकृती पोहोचवणं हे जनतेपर्यंत पोहोचवणंच ठरतं. जाणूनबुजून हक्कभंग केला तर कलम ६३ प्रमाणे सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड. एका कुटुंबाची माणसं शिरवळ, पुणे, अमेरिका अशी विखुरलेली असताना ही व्याख्या मला अपुरी वाटते, ती बदलायला हवी. टेलिग्रामवरून उतरवलेल्या नव्या सिनेमाची गोष्ट मात्र वेगळी. २०१६ मध्ये ‘सैराट’ची चोरटी प्रत मोबाइलच्या दुकानांत मेमरी कार्डावर भरून मिळायची. तोच सिनेमा सर्व्हरवरून दहा घरांत गेला, तर निर्मात्याच्या नुकसानीत काडीचा फरक पडत नाही.

राउटरचा पोर्ट उघडा टाकून सर्व्हर थेट इंटरनेटवर ठेवणं तर शुद्ध बेफिकिरी. पासवर्ड सांभाळणाऱ्या ‘लास्टपास’ कंपनीत २०२२ मध्ये मोठी चोरी झाली, तेव्हा चोर एका इंजिनिअरच्या घरच्या, अपडेट न केलेल्या प्लेक्समधून शिरले होते. ती त्रुटी बुजवणारं अपडेट २०२० मध्येच आलेलं होतं.

तेव्हा अपडेट आजच करा, पोर्ट बंद करा, बाहेरून पाहायचंच असेल तर व्हीपीएन वापरा. कीर्तन आणि लग्नाचा व्हिडिओ खुशाल नातेवाइकांना द्या. फक्त देण्याआधी त्यांना स्पष्ट सांगा, की तुम्ही काय पाहता ते मला दिसतं.