तीन दिवसांची रजा आणि एका रात्रीचे नाटक

दिवाळीचा फराळ डब्याच्या तळाशी गेला आणि पाहुणेमंडळी आपापल्या गावी परतली, की आपल्याकडे घरोघर एकच विषय निघतो : नाताळच्या सुटीत जायचे कोठे? गृहस्थांच्या शिलकीत तीन दिवसांची रजा असते. धाकट्यांना वाघ पाहायचा असतो, आजींना देवदर्शन हवे असते, आणि गृहिणीचे एवढेच म्हणणे असते की, जेथे स्वयंपाकघर नाही अशा कोठल्याही गावी न्या!

अलीकडे यात कॉलेजात जाणाऱ्या चिरंजीवांच्या मागणीची भर पडली आहे. त्यांना ‘रंगीत’ गाव हवे असते. ते फोनवर दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशातील वालपराइसो बंदराची चित्रे दाखवतात. टेकड्यांवर एकावर एक चढलेली निळी, पिवळी, तांबडी घरे, भिंतीभिंतींवर चित्रे, टेकडी चढायला जुन्या लिफ्टगाड्या आणि खाली पॅसिफिक समुद्र. गाव सुंदर आहे यात शंका नाही. १९१४ साली पनामाचा कालवा खुला झाला आणि जहाजांनी या बंदराकडे पाठ फिरवली, तरी गावाने रंग सोडला नाही. २००३ साली जागतिक वारशाच्या यादीत त्याचे नाव लागले. पण तीन दिवसांची रजा तेथे पोहोचेपर्यंतच संपेल, आणि खर्चाचा आकडा ऐकून आजींना देव आठवेल तो निराळाच.

चिरंजीवांना आम्ही विन्मुख पाठवणार नाही. रंगीत, कलावंतांनी गजबजलेले आणि एका अर्थी बंदरच असलेले एक गाव आपल्याच महाराष्ट्रात आहे. समुद्र तेवढा नाही, वैनगंगा नदी आहे. गावाचे नाव वडसा.

नकाशात शोधताना घोटाळा होऊ नये म्हणून सांगतो : तालुक्याच्या कागदोपत्री ते ‘देसाईगंज’ असते आणि रेल्वे स्थानकावर ‘वडसा’. गाव गडचिरोली जिल्ह्यात आहे. हा जिल्हा पूर्वी चंद्रपूरचाच भाग होता. २६ ऑगस्ट १९८२ रोजी तो वेगळा झाला. वैनगंगेच्या अलीकडे चंद्रपूर जिल्ह्यातील ब्रह्मपुरी, पूल ओलांडला की वडसा. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांतील या वनमुलखाला झाडीपट्टी म्हणतात. झाडी म्हणजे जंगल. जंगल, तलाव आणि भाताच्या बांध्या यांचा हा प्रदेश, आणि येथली खरी पिके दोन : एक धान, दुसरे नाटक.

यात अतिशयोक्ती नाही. धानाची कापणी होते आणि भाऊबीजेच्या सुमारास गावोगाव मंडई भरू लागते. तेव्हापासून थेट होळीच्या आसपासपर्यंत झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम चालतो. नाट्यमंडळ्यांची कार्यालये वडशात आहेत. रस्त्याने जाताना दोन्ही बाजूंना नटनट्यांच्या चेहऱ्यांचे भडक रंगाचे मोठमोठे फलक दिसतात. गावोगावची मंडळी येथे येऊन नाटक ठरवतात, तारीख बांधतात, विसार देतात. दिवस कलला, की पडदे, दिवे, वाद्ये आणि कलावंत घेऊन गाड्या वडशातून निघतात, कोणी कुरखेड्याच्या बाजूला, कोणी सिंदेवाहीच्या, कोणी गोंदियाकडे. रात्रभर नाटक करून त्या उजाडल्यावर परततात आणि संध्याकाळी पुन्हा निघतात. रोज निघायचे आणि रोज परतायचे, यालाच तर बंदर म्हणतात!

आता ही नाटके असतात तरी कशी? आपल्याकडे नाट्यगृहात साडेआठला पडदा वर जातो आणि अकराला आपण स्कूटरची किल्ली शोधू लागतो. झाडीपट्टीत नाटक रंगात येते तेच आपल्या निजण्याच्या वेळेला. कापणी झालेल्या शेतात मांडव उभा राहतो. खुर्चीचे तिकीट वेगळे, जमिनीचे वेगळे. जमिनीवरच्यांनी घोंगड्या, चादरी, तान्ही मुले आणि म्हातारी माणसे सारे बरोबर आणलेले असते. रंगमंचावर कौटुंबिक कथा चालते : हुंडा, दारू, भाऊबंदकी, सावत्र आई, शहरात जाऊन आईबापांना विसरलेला मुलगा. गायन जागेवर, वादन जागेवर. मध्येच एक लावणी, मध्येच विनोदी पात्राचा धुमाकूळ, आणि पुन्हा डोळ्यांना पदर लावायला लावणारा प्रवेश. पहाटे केव्हातरी खलनायकाला त्याचे फळ मिळते आणि पूर्वेला तांबडे फुटते.

शहरी प्रेक्षक येथे हमखास एक शेरा मारतो : “फारच भडक बुवा!” भडक खरेच. पण मांडवाच्या शेवटच्या टोकाला, थंडीत कुडकुडत, मांडीवर झोपलेले मूल सांभाळत बसलेल्या बाईपर्यंत ते दुःख पोहोचायला हवे ना? मंद आवाजात खांदे उडवून दाखवलेले दुःख तिसऱ्या रांगेतच विरून जाते. येथला नट मोठ्याने रडतो, कारण त्याचा प्रेक्षक दूर बसलेला असतो. शिवाय तो काल दुसऱ्या गावी दुसऱ्या भूमिकेत रडला होता आणि उद्या तिसऱ्या गावी तिसऱ्याच भूमिकेत हसवणार असतो. तालमींना सवड थोडी. प्रॉम्प्टर, पाठांतर आणि प्रसंगावधान यांच्या बळावर संसार चालतो. याच रंगभूमीवर आयुष्य काढलेले परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. सुमारे आठशे भूमिका आणि पाच हजारांवर प्रयोग ही त्यांची कमाई. हा आकडा आपल्या घरातल्या नाट्यवेड्या मंडळींना जरूर सांगावा.

या कलेची मुळे जुनी आहेत. दंडार आणि खडी गंमत हे इकडचे लोकखेळ. त्यांना संगीत नाटकाची हवा लागली आणि गावातली हौशी माणसेच तोंडाला रंग लावू लागली. स्त्रीभूमिका पुरुषच करीत. पुढे स्त्री कलावंत आल्या, आणि हळूहळू धंदेवाईक मंडळ्या उभ्या राहिल्या. आज मुंबई-पुण्याच्या चित्रपटांतले एखादे परिचित नावही फलकावर दिसते. पण नाटक गावात आणणारे असते ते गावच. तरुणांचे मंडळ एकत्र येते, वर्गणी काढते, मांडव घालते, तिकिटे विकते. चार पैसे उरले तर गावाच्या कामी येतात. तोटा आला तर तो त्याच पोरांच्या अंगावर पडतो. कलावंतांचेही तसेच. या चार-पाच महिन्यांत जे मिळेल त्यावर पुढचे वर्ष काढायचे. २०२० साली महामारीने हंगाम मोडला, तेव्हा रंग पुसलेल्या या माणसांच्या चुलीपर्यंत त्याची झळ पोहोचली.

आणि नाटक हे नुसते नाटकही नसते. त्या निमित्ताने सासरच्या मुली माहेरी येतात, सोयरे-धायरे जमतात. उपवर मुलामुलींची पाहणी होते, बोलणी पुढे सरकतात. कित्येक गावी दिवसा बैलांचा शंकरपट आणि रात्री नाटक असा जोड असतो. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पट थांबले होते. मे २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने राज्याचा कायदा ग्राह्य धरला आणि वाट मोकळी झाली. बैलांचे पट बंद होते त्या काळातही नाटकाचा पडदा मात्र वर जातच राहिला.

म्हणूनच आमचे सांगणे असे : ही सहल स्थळांच्या यादीने आखू नये, त्या एका रात्रीने आखावी. आपण नेहमी उलटे करतो. रजा ठरवतो, खोली ठरवतो आणि मग ‘तेथे पाहण्यासारखे काय आहे’ ते विचारतो. येथे नाटकाची तारीख गाव ठरवते. ती आपल्या सोयीने हलत नाही, आणि हलू नये यातच तिची मजा आहे. आपल्यासाठी खास प्रयोग लावला, तर तो नमुना होईल. नाटक होणार नाही.

तेव्हा पहिला दिवस वडशाला पोहोचण्याचा. मुंबईहून विदर्भ एक्स्प्रेस गोंदियापर्यंत जाते. गोंदिया–बल्लारशाह या लोहमार्गावरच वडसा, ब्रह्मपुरी, नागभीड, मूल आणि चांदा फोर्ट ही स्थानके एकामागून एक येतात, म्हणजे सगळी सहल एकाच रुळावर बसते. या मार्गावर गाड्या थोड्या, म्हणून वेळ आधी पाहून ठेवावी. नागपूरहून उमरेड, नागभीड, ब्रह्मपुरीमार्गे रस्त्यानेही येता येते. (नागपूर–नागभीडची छोटी रेल्वे रुंदीकरणासाठी २०१९ साली बंद झाली, जुन्या आठवणीवर विसंबून तिच्या तिकिटाला जाऊ नये.) दुपारी नाट्यमंडळ्यांच्या कार्यालयांपैकी कोठेही शिरावे आणि सरळ विचारावे, “आज-उद्या जवळपास कोठे प्रयोग आहे?” शंभर प्रश्नांचे एक उत्तर मिळेल, आणि बहुधा बरोबर चहाही मिळेल. बोली कानाला थोडी निराळी लागेल. ‘पाणी’चे ‘पानी’ होईल. त्यावर हसू नये. आपण बोलतो तेही त्यांना निराळेच लागते, पण ते हसत नाहीत.

वाहन परतीसह ठरवावे आणि चालकाला पहाटेपर्यंत थांबायचे आहे हे आधीच सांगावे. कारण मुख्य नियम हाच : नाटक संपेपर्यंत उठायचे नाही. हा निव्वळ शिष्टाचार नव्हे. ब्रह्मपुरीच्या परिसरात वाघ आणि माणूस यांची गाठ पडून दरवर्षी माणसे मरतात. रात्री दोन वाजता रानातल्या वाटेने पायी परतणे म्हणजे जिवाशी खेळ. तेव्हा पहाटेपर्यंत चालणाऱ्या नाटकात केवळ हौस नाही, शहाणपणही आहे. उजाडेपर्यंत सारे गाव एका मांडवाखाली, दिव्याच्या उजेडात, एकमेकांच्या उबेला बसलेले असते. जो मध्यंतरात फोटो काढून निघून जातो त्याला हे कधीच कळायचे नाही.

गृहिणींसाठी दोन शब्द. गरम कपडे, कानटोप्या, दोन जाड चादरी आणि बसायला सतरंजी घ्यावी. खुर्चीपेक्षा जमिनीवर बसलात तर शेजारीण लगेच जोडली जाते. मुलांना दुपारी झोपवून न्यावे. तशीही ती दुसऱ्या अंकात झोपतील आणि तलवारींच्या खणखणाटाने जागी होतील. लावणी आली म्हणून डोळे वटारू नयेत. शेजारी बसलेल्या आजीबाईही ती पाहत असतात. रंगपटात डोकवायचे असेल तर विचारून, आणि कलावंतांच्या तोंडावर कॅमेरा धरण्यापूर्वीही विचारून. तिकीट मात्र विकतच घ्यावे. “आम्ही पाहुणे” म्हणून फुकट बसू नये.

दुसरा दिवस झोपेला सोडावा. हे आम्ही थट्टेने सांगत नाही. दुपारनंतर वैनगंगेच्या काठी फिरावे, बाजारात हिंडावे आणि रात्री लवकर निजावे.

तिसरा दिवस आजींचा. वडशाहून रेल्वेने चांदा फोर्टला, म्हणजे चंद्रपूरला यावे. महाकालीचे दर्शन घ्यावे. गोंड राजांचा परकोट आणि जटपुरा, अंचलेश्वर, बिनबा, पठाणपुरा हे दरवाजे पाहावेत. अंचलेश्वराजवळ राजघराण्याच्या समाधी आहेत. त्यात बीरशहा राजाची समाधी त्याच्या राणीने, हिराईने, बांधविली. पतीच्या मागे राज्य सांभाळलेल्या या राणीची गोष्ट मुलांना तेथेच उभे राहून सांगावी. चंद्रपूरहून परतीची गाडी मिळते.

आणि वाघ? धाकट्यांचा चेहरा पडेल हे आम्हांस ठाऊक आहे. ताडोबा चंद्रपूरच्या उशाशीच आहे, १९५५ पासूनचे राष्ट्रीय उद्यान. पण वाघासाठी पहाटे अंधारात निघावे लागते आणि नाटकासाठी पहाटेपर्यंत जागावे लागते. तीन दिवसांत दोन्ही कोंबले तर मुले जीपमध्ये पेंगतील आणि वडील मांडवात घोरतील. ताडोब्याला निराळी रजा काढावी, आरक्षण आधी करावे आणि पुरते दोन दिवस द्यावेत. वाघ पाहून परतलेली कुटुंबे आपल्या ओळखीत पुष्कळ आहेत. त्या वाघाच्या शेजारी राहणारी माणसे रात्रभर कशाला हसतात आणि कशाला रडतात, हे पाहून आलेले कुटुंब मात्र आपल्या आळीत कदाचित एकही नसेल.

भाऊबीज झाली की झाडीपट्टीत पडदा वर जातो. तेव्हा तारीख आधी गावाला विचारावी, मग रजा साहेबांना मागावी. वालपराइसोची चित्रे फोनमध्ये राहू द्यावीत; चिरंजीव कमावते झाले म्हणजे ते आईवडिलांना तेथेही नेतील. मात्र वडशाचे नाटक निम्म्यावर सोडून उठणार नाहीत, एवढे वचन त्यांच्याकडून निघण्यापूर्वीच घ्यावे.