दिंडीच्या ट्रॉलीचा संसार

मृग लागला आणि पेरण्या अंगाखालून गेल्या की गावोगावच्या दिंड्यांची बांधाबांध सुरू होते. मोठ्या दिंड्यांचे ट्रक, टँकर, तंबू, आचारी हा सारा सरंजाम ठरलेला असतो. त्यांना आम्ही काय सांगावे? आजचा मजकूर आहे तो तीस-चाळीस माणसांच्या लहान दिंडीसाठी, जिचे सगळे घर एका ट्रॅक्टर-ट्रॉलीत मावते. ज्येष्ठ वद्य अष्टमीला माउलींची पालखी आळंदीहून निघते, तुकोबारायांची आदल्या दिवशी देहूहून. तिथपासून आषाढी एकादशीपर्यंतचे सतरा-अठरा दिवस ही ट्रॉली म्हणजे कोठीघर, माजघर आणि पाणवठा, सारे एकच.

नगर भागातल्या एका भगिनीने पत्रात लिहिले आहे, की गेल्या साली वाल्ह्याच्या मुक्कामी रात्री पाऊस आला, ताडपत्री गळाली, चाळीस माणसांची अंथरुणे भिजली आणि दोन म्हाताऱ्या तापाने फणफणल्या. ‘यंदा ट्रॉलीला काय काय घ्यावे ते सांगा, पण तालुक्याच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळेल तेवढेच सांगा,’ असा त्यांचा आग्रह आहे. आग्रह रास्त आहे. पुण्या-मुंबईची वस्तू वाटेत तुटली तर दुसरी आणायची कुठून?

आधी ताडपत्रीचेच बघू. बहुतेक ताडपत्र्या विटल्यामुळे गळत नाहीत, वर पाणी साचल्यामुळे गळतात. ट्रॉलीवर ताडपत्री सपाट ताणली की मध्ये खळगा पडतो. तीन फूट लांब, तीन फूट रुंद आणि चार इंच खोल एवढेच पाणी साचले, तरी ते ८५ लिटर होते. म्हणजे ८५ किलोचा गडी छतावर बसवल्यासारखे झाले! मग कडा फाटणार नाही तर काय होईल? तेव्हा छताला आढे हवे. ट्रॉलीच्या पुढे आणि मागे दोन-दोन बांबूंची कैची बांधावी, वर एक लांब बांबू आडवा टाकावा, आणि फळ्यांच्या वर निदान अडीच फूट उंची ठेवावी. दहा बाय सहाच्या ट्रॉलीला १५ बाय १२ ची ताडपत्री बरोबर बसते. दोन्ही अंगांना फळ्यांच्या बाहेर हातभर लोंबली पाहिजे, म्हणजे पागोळी आत येत नाही. बांबूच्या टोकांवर सायकलची जुनी ट्यूब गुंडाळावी. ताडपत्रीला पहिले भोक तिथेच पडते.

ताडपत्रीच्या कडेची पितळी कडी निखळली तर पुष्कळजण तिथे खिळ्याने नवे भोक पाडतात आणि दोरी ओवतात. पहिल्या वाऱ्याला ते भोक फाटत जाते. त्यापेक्षा लिंबाएवढा गुळगुळीत गोटा घ्यावा, ताडपत्रीच्या आतून लावावा आणि बाहेरून त्याच्या मानेला दोरीचा फास आवळावा. भोक नाही आणि ओढ बसेल तसा फास घट्टच होतो. गोटा नदीतला, फुकटचा. दुकानदाराने यात रागावू नये.

दोरीच्या बाबतीत मात्र दुकानदाराशी नीट बोलून घ्यावे. सुताची किंवा अंबाडीची दोरी भिजली की आखडते, तर नायलॉनची भिजली की सैल पडते. म्हणून रात्री पाऊस येण्याचा रंग दिसला तर तंबूच्या सुती दोऱ्या थोड्या ढिल्या कराव्यात, नाही तर खुंट्या उपटतात. आणि ट्रॉलीवरच्या नायलॉनच्या दोऱ्या पाऊस सुरू झाल्यावर एकदा उठून ताणून घ्याव्यात. स्वस्तातली रंगीत प्लास्टिकची दोरी उन्हाने कुजते. बोटाने चोळली आणि भुसा निघाला की ती गुरांच्या दाव्यालासुद्धा वापरू नये.

आता पाणी. दोन-दोन तास रांगेत उभे राहून घागरी भरायच्या हे बायकांच्या वाट्याचे काम, आणि त्याची चर्चा दिंडीच्या बैठकीत कधीच होत नाही. प्लास्टिकच्या टाकीला एकच तोटी ठेवण्याऐवजी एक इंची पीव्हीसी पाइपचा चार-पाच फुटांचा तुकडा आडवा जोडून त्याला चार तोट्या बसवाव्यात. टी, एल्बो, सोल्युशनची डबी आणि आट्यांवर गुंडाळायची पांढरी टेप, एवढ्या सामानात काम होते. गावातला मोटार बसवणारा पोरगा तासाभरात जोडून देईल. टाकीच्या तोंडाशी एक बॉल व्हॉल्व्ह हवाच. पुढचा पाइप दगडाला लागून फुटला तरी टाकी रिकामी होत नाही.

टाकी नवी घ्यावी किंवा पहिल्यापासून पाण्याचीच असावी. औषधाचा, म्हणजे कीटकनाशकाचा पिंप कितीही धुतला तरी पिण्याच्या पाण्याला वापरायचा नाही. सोडा लावून धुतला, उन्हात वाळवला, हे काही चालत नाही. सांडपाण्यालाही नको, अंधारात कोण कुठला पिंप उचलील याचा नेम नाही.

आणि टाकी ठेवायची कुठे? पाणी काढायला सोपे म्हणून ती मागे, फाळक्याशी ठेवतात. ५०० लिटर पाणी म्हणजे अर्धा टन वजन. दोनचाकी ट्रॉलीच्या शेपटीला ते बसले की पुढचा दांडा वर उचलू पाहतो, ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवरचा भार हलका होतो आणि ट्रॉली हेलकावते. सपाटीला हे जाणवत नाही. पण पुण्याहून सासवडला जाताना दिवे घाट आहे. तिथे माउलींच्या रथालासुद्धा जादा बैलजोड्या लावतात. चढावर वजन आणखी मागे सरकते. म्हणून टाकी चाकांच्या आसाच्या किंचित पुढे ठेवावी, लाकडी ठोकळ्यांत अडकवून पट्ट्याने बांधावी, आणि पाण्याचा आडवा पाइप लांबवून मागे आणावा. घाट चढताना टाकी रिकामी ठेवलेली सर्वांत उत्तम. सासवडला पाणी मिळतेच.

याच्याच जोडीचा दुसरा धोका मुक्कामी असतो. ट्रॅक्टर सोडून डिझेलला नेला, आणि ट्रॉली पुढच्या टेकूवर उभी राहिली. पाऊस आला की माणसे ट्रॉलीखाली सरकतात. वर कोणी मागच्या बाजूला पोती रचली की ट्रॉली मागे कलंडते. ट्रॅक्टर सोडला की मागेही दोन टेकू आणि चाकांना पुढून-मागून ठोकळे लावलेच पाहिजेत, आणि हे सारे लावलेले असले तरी ट्रॉलीखाली कोणाला झोपू देऊ नये. विणेकऱ्यांनाही नाही. चिखलात जॅक रुततो म्हणून त्याच्याखाली घालायला दीड फुटाची जाड फळी बरोबर असू द्यावी.

स्वयंपाकाच्या गॅसबद्दल थोडे कठोर लिहावे लागते. गॅस हवेपेक्षा जड असतो, तो गळला की खाली बसतो. ट्रॉली तर चारी बाजूंनी फळ्या लावलेला हौदच आहे. हौदात पाणी साचावे तसा गॅस तिच्या तळाशी साचतो आणि अंथरुणांच्या गठ्ठ्यांत मुरून राहतो. सकाळी कोणी काकडआरतीसाठी काडी ओढली की झाले! शेगडी ट्रॉलीत पेटवायची नाही, ताडपत्रीखाली तर नाहीच. सिलिंडर प्रवासात उभा, साखळीने बांधलेला, रेग्युलेटर काढून टोपी लावलेला असावा. नळी नेहमीची केशरी, जाळीची घ्यावी. तिच्यावर छापलेले साल वाचावे आणि पाच वर्षे झाली असतील तर बदलावी. गळती बघायला साबणाचा फेस लावावा. ट्रॉलीच्या तळाला मागच्या बाजूला दोन-तीन भोके पाडून घेतली तर पाणीही निघून जाते आणि गॅसलाही वाट मिळते.

दिव्यासाठी ट्रॅक्टरच्या बॅटरीला तारा जोडू नयेत. पहाटे ट्रॅक्टर सुरू झाला नाही की सगळी दिंडी धक्का मारते. वेगळी १२ व्होल्टची लहान बॅटरी घ्यावी. पाच वॅटचे दोन एलईडी दिवे आठ तास जाळले तर साधारण सात अँपिअर-तास खर्च होतात. २५-२६ ची बॅटरी दोन रात्री निर्धास्त पुरते. बॅटरीच्या तोंडाशीच, तांबड्या तारेवर पाच अँपिअरचा फ्यूज बसवावा. तार फळीखाली चेमटली तर फ्यूज जातो, ट्रॉली जळत नाही.

त्या भगिनीने पत्राच्या शेवटी, जरा संकोचून, आंघोळीच्या आडोशाचे विचारले आहे. खरे म्हणजे हेच आधी विचारायला हवे होते. पहाटे तीन वाजता उठून अंधारात उघड्यावर आंघोळ उरकणे, किंवा आंघोळीशिवाय दिवस काढणे, हे आमच्या मायबहिणी वर्षानुवर्षे करीत आल्या. दीड इंची पीव्हीसी पाइपचे साडेसहा फुटांचे चार खांब आणि वर-खाली जोडायला साडेतीन फुटांचे आठ तुकडे घ्यावेत. कोपऱ्याला तीन तोंडांचे जोड मिळतात. सोल्युशन लावायचे नाही, नुसते दाबून बसवायचे, म्हणजे रोज सकाळी मोडून बांबूंच्या बरोबर बांधता येते. भोवती गडद रंगाचे जाड कापड, वरच्या पाइपला शिवलेल्या नेफ्यातून ओवलेले. सांगाडा हलका असतो, त्याला चारी कोपऱ्यांना दोऱ्या आणि खुंट्या पाहिजेत. खाली प्लास्टिकचे क्रेट पालथे घातले की पाय चिखलात जात नाहीत, मात्र त्यांवर रबरी पायपुसणे टाकावे, नाही तर पाय घसरेल.

एक गोष्ट पुरुषमंडळींच्या ध्यानात येत नाही. आडोशाच्या आत दिवा टांगला की सावली कापडावर उमटते. दिवा बाहेर, दाराच्या बाजूला, उंच टांगावा. आडोसे दोन करावेत. एक केला तर पुरुष आधी घुसतात.

राहिला रस्ता. पालखी मार्गाच्या चौपदरीकरणाची पायाभरणी २०२१ साली झाली. रस्ता रुंद झाला की मागून येणारी वाहने सुसाट येतात, आणि आपली ट्रॉली अंधारात दगडासारखी उभी. मागे तांबडी, बाजूंना पिवळी, पुढे पांढरी अशी चमकणारी पट्टी लावावी. रंगांचा हा क्रम नियमाचाच आहे. पट्टी लावण्यापूर्वी पत्रा रॉकेलने नव्हे, साबणाच्या पाण्याने धुऊन कोरडा करावा, तेलकटावर ती टिकत नाही. चिखल उडून पट्टी झाकते. ती रोज संध्याकाळी फडक्याने पुसण्याचे काम एका पोराला नेमून द्यावे. ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या जोडाची पिन कारखान्याची, खिट्टीसकट असावी. कुठला तरी बोल्ट घालून वर तार पिळणे हा प्रकार बंद करावा, आणि शिवाय एक साखळी लावावी. ट्रॉलीत माणसे बसवायला कायद्याने परवानगी नाही. थकलेल्या म्हाताऱ्यांसाठी जीप बघावी किंवा एसटीने पुढच्या मुक्कामी पाठवावे.

बारीकसारीक सामान एका पत्र्याच्या डब्यात असावे: बाइंडिंगची तार, पक्कड, हातोडी, वेगवेगळ्या मापाचे नट-बोल्ट आणि वायसर, एम-सील, दोन जादा तोट्या, फ्यूज, ग्रीसगन, चाकाचा पाना. डब्याची किल्ली एकाच्याच गळ्यात.

निघण्याच्या आठ दिवस आधी ट्रॉली पूर्ण बांधून अंगणात उभी करावी. आत कोरडी गोणपाटे अंथरावीत आणि विहिरीच्या मोटारीचा पाइप अर्धा तास वरून सोडावा. मग आत शिरून गोणपाटे हाताने चाचपावीत, आणि ओल लागेल त्याच्या बरोबर वर, ताडपत्रीला खडूने खूण करावी.