‘कोणते पिस्तूल घ्यावे?’ या प्रश्नाचा धाराशिवचा इतिहास

१/ सध्या आपल्या भागातील तरुणांच्या मोबाईलवर एकाच प्रकारच्या चित्रफिती फिरत आहेत. मोठ्या पिस्तुलाचा दम आणि छोट्या पिस्तुलाची सोय एकत्र असलेले सेमी-ऑटोमॅटिक कसे पारखावे, नळी किती इंचांची असावी, मॅगझिनमध्ये गोळ्या किती बसाव्यात, हा त्यांचा विषय. त्याखाली आपल्याच जिल्ह्यातील मंडळी ‘भाऊ, परवाना कसा काढायचा?’ असे विचारतात. हा धागा त्या सर्वांसाठी.

२/ आधी वस्तूविषयी. आखूड पिस्तूल म्हणजे तडजोड. नळी आखूड झाली की पुढच्या-मागच्या माशीतील अंतर घटते आणि नेमातील केसभर चूक लक्ष्यावर हातभर होते. वजन कमी झाले की तीच गोळी हाताला अधिक झटका देते. असे शस्त्र लपवायला सोपे आणि चालवायला अवघड. म्हणजे ज्याचा सराव सर्वांत कमी, त्याच्याच हाती ते सर्वांत बेभरवशाचे ठरते.

३/ शिवाय या चित्रफितींतील बहुतेक पिस्तुले ९ × १९ मिमी काडतुसाची असतात. भारतात तो ‘निषिद्ध बोर’ आहे. सामान्य नागरिकाला त्याचा परवाना मिळत नाही. पिस्तुलाच्या परवानाधारकाच्या वाट्याला प्रामुख्याने .३२ येते. हे काडतूस जॉन ब्राउनिंग या अमेरिकी संशोधकाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तयार केले. परदेशी चित्रफीत पाहून इथली खरेदी ठरवणे म्हणजे आल्प्समधील हवामान ऐकून उमरग्यात पेरणी करणे.

४/ पण माझा वाद नळीच्या लांबीशी नाही. वाद आहे तो पिस्तुलाच्या समर्थनार्थ इतिहासाला साक्षीला उभे करण्याशी. तीन युक्तिवाद सतत ऐकू येतात : इंग्रजांनी आपल्याला निःशस्त्र केले, क्रांतिकारकांनी पिस्तुले हाती घेतली, आणि रझाकारांच्या काळात घरोघरी बंदूक असती तर आपण वाचलो असतो. तिन्ही तपासू.

५/ पहिला. लॉर्ड लिटनच्या काळातील १८७८ चा शस्त्र कायदा अपमानकारक होता, यात शंका नाही. युरोपियनांना त्यातून सूट होती आणि भारतीयांना परवान्याची सक्ती. काँग्रेसने आरंभीच्याच अधिवेशनांत त्याविरुद्ध ठराव केले. गांधीजींनीही त्याची कठोर निर्भर्त्सना केली. मात्र ती १९१८ मधील सैन्यभरतीच्या पत्रकात, हा संदर्भ हल्ली सोयीस्करपणे गाळला जातो.

६/ आता धाराशिवकडे या. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाडासोबत धाराशिव-नळदुर्गचा मुलूख इंग्रजांच्या हवाली केला. मेडोज टेलर हा अधिकारी नळदुर्गात राहून येथील कारभार पाहू लागला. १८६० मध्ये हा मुलूख निजामाला परत मिळाला. म्हणजे १८७८ चा कायदा झाला तेव्हा आपला जिल्हा ब्रिटिश हिंदुस्थानात नव्हताच. ‘इंग्रजांनी आमच्या आजोबांची बंदूक काढून घेतली’ हे वाक्य पुण्यात कदाचित चालेल. तुळजापुरात ते उसने आहे.

७/ दुसरा युक्तिवाद. १९०९ मध्ये सावरकरांनी २० ब्राउनिंग पिस्तुले चतुर्भुज अमीन यांच्या सामानातील पेटीच्या चोरकप्प्यातून मुंबईला पाठवली. त्याच वर्षी २१ डिसेंबरला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी जिल्हाधिकारी जॅक्सन यांच्यावर गोळ्या झाडल्या. कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेले.

८/ त्या मार्गाविषयी मतभेद असू शकतात, माझेही आहेत. परंतु एक गोष्ट निर्विवाद आहे. त्या तरुणांनी शस्त्र मिरवण्यासाठी घेतले नव्हते आणि त्याची किंमत त्यांनी स्वतःच्या प्राणांनी चुकवली. वाढदिवसाच्या फलकावर कमरेचे पिस्तूल दिसेल अशा बेताने उभे राहणाऱ्याने त्यांचे नाव घ्यावे, हा त्यांचा गौरव नसून विटंबना आहे.

९/ आणि ‘पारखून घेतलेल्या’ पिस्तुलाचे सर्वांत प्रसिद्ध मराठी उदाहरणही विसरू नये. २० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत हिंदू महासभा भवनामागच्या रानात कटातील लोकांनी आपली रिव्हॉल्व्हरे चालवून पाहिली. ती निकामी वाटली. मग नथुराम गोडसे आणि आपटे ग्वाल्हेरला गेले आणि तेथून बेरेटा जातीचे आटोपशीर सेमी-ऑटोमॅटिक मिळवले. ३० जानेवारीला ते बिनचूक चालले. पिस्तूल परीक्षेत उत्तीर्ण झाले. माणूस नापास झाला. शस्त्राच्या कोणत्याही परीक्षणात हा रकाना नसतो.

१०/ तिसरा युक्तिवाद आपल्या मातीतला, म्हणून सर्वांत गंभीर. रझाकारांचा नेता कासिम रझवी लातूरचा वकील; आणि लातूर १९८२ पर्यंत आपल्याच जिल्ह्यात होते. रझाकारांचे अत्याचार ही या गावांची खरी, जिवंत आठवण आहे. सिडनी कॉटन नावाचा वैमानिक कराचीहून विमानाने हैदराबादला चोरटी शस्त्रे पोहोचवत होता. सरहद्दीवरच्या शिबिरांतून स्टेट काँग्रेसचे कार्यकर्तेही सशस्त्र प्रतिकार करत होते.

११/ मग सुटका कशी झाली? १३ सप्टेंबर १९४८ रोजी सोलापूरकडून भारतीय सैन्य शिरले आणि पहिल्याच दिवशी नळदुर्ग घेतला. तेथील लढाईत हवालदार बचित्तर सिंग यांना वीरमरण आले. पुढे त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. मुक्तिसंग्रामातील कार्यकर्त्यांचा त्याग मोठाच. परंतु निर्णायक शक्ती होती ती शिस्तबद्ध आणि उत्तरदायी सैन्याची. घराघरांतल्या खासगी बंदुकीची नव्हे.

१२/ यापुढचे पान आपण वाचायचे टाळतो. सैन्य पुढे सरकल्यावर गावोगावी सूडाचा वणवा पेटला. रझाकारांशी काडीचा संबंध नसलेली मुस्लिम कुटुंबे त्यात होरपळली. नेहरूंच्या सरकारने पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखाली सद्भावना मंडळ पाठवले. त्याच्या अहवालाने संस्थानभरातील मृतांचा सावध अंदाज २७ ते ४० हजार असा दिला आणि सर्वाधिक झळ पोहोचलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबादचे नाव लिहिले. तो अहवाल अनेक दशके दडवून ठेवला गेला.

१३/ म्हणजे ‘तेव्हा प्रत्येकाच्या हाती शस्त्र असते तर’ हा प्रश्न आपल्या जिल्ह्यात काल्पनिक नाही. सप्टेंबरपूर्वी शस्त्र एका बाजूच्या बेबंद टोळ्यांच्या हाती होते. सप्टेंबरनंतर ते दुसऱ्या बाजूच्या बेबंद टोळ्यांच्या हाती गेले. दोन्ही वेळा मेला तो शेजारी. रझाकारांचे नाव घेऊन पिस्तूल मागणाऱ्याने हे दोन्ही महिने वाचावेत. अर्धा इतिहास वाचून शस्त्र घेणे हे कुलूप न तपासता शस्त्र घेण्याहून धोक्याचे आहे.

१४/ त्याच अहवालात आणखी एक नोंद आहे. काही ठिकाणी हिंदूंनी जीव धोक्यात घालून मुस्लिम शेजाऱ्यांना वाचवले. विशेषतः एकाच व्यवसायातील माणसांत हा जिव्हाळा दिसला. हिंदू विणकरांनी मुस्लिम विणकरांचे रक्षण केले आणि त्यापायी स्वतःचे प्राणही गमावले. त्यांना उभे केले ते शेजारधर्माने.

१५/ आता वर्तमान. डिसेंबर २०२४ नंतर शेजारच्या बीड जिल्ह्यातील शस्त्र परवान्यांचा आकडा चव्हाट्यावर आला. तो हजाराहून अधिक होता. हवेत गोळीबार करणाऱ्यांच्या चित्रफितीही सर्वांनी पाहिल्या. एवढ्या परवान्यांनी बीड अधिक सुरक्षित झाले, असे तेथील एक तरी सामान्य शेतकरी म्हणेल काय? एकाच्या कमरेला पिस्तूल आले की दुसऱ्याला ते हवे होते. या शर्यतीत ज्याला परवाना परवडत नाही, तो निमूटपणे मान खाली घालतो. संरक्षणाच्या नावाने विकत घेतली जाते ती दहशत.

१६/ ‘मग खरोखर धोका असलेल्याने काय करावे?’ हा रास्त प्रश्न आहे. त्याच्यासाठी १९५९ चा शस्त्र कायदा आहेच. पोलीस चौकशी, प्रशिक्षण आणि शस्त्र सुरक्षित ठेवण्याची सोय या अटी ‘सरकारी कटकट’ नसून तेच खरे परीक्षण आहे. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीच्या शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली. आनंदाच्या भरात बेदरकार गोळीबार केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद केली. वरातीत बार काढणाऱ्यांनी हे कलम घरात फ्रेम करून लावावे.

१७/ ‘परंपरा’ म्हणून दसऱ्याच्या शस्त्रपूजनाकडे बोट दाखवणाऱ्यांना एकच सांगणे. त्या दिवशी आपल्याकडे नांगर, कोयता, लेखणी आणि पोथीही पुजली जाते. ज्याने ज्याचे पोट चालते, त्याचा तो मान असतो. पिस्तुलाने ज्याचे पोट चालते, त्याने आधी आपला व्यवसाय कोणता, हे गावाला सांगावे.

१८/ तेव्हा मित्रहो, पिस्तूल पारखण्यापूर्वी तीन गोष्टी पारखा. धोका खरा आहे की प्रतिष्ठेचा? राग आल्यावर हात थांबेल याची खात्री घरातील माणसे देतील काय? आणि ते शस्त्र घरी आल्यावर शेजाऱ्याची झोप अधिक शांत होईल की उडेल? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर स्वतः देऊ नका. शेजाऱ्याला विचारा. १९४८ मध्ये या जिल्ह्यात ते कोणी विचारले नव्हते.