नर्मदाकाठी मुक्कामाला जाताना

दिवाळीची सुट्टी लागली की दोंडाईच्याची मंडळी सुरत गाठतात. या वेळी दुसरी वाट धरून पाहा: शहादा, मग सातपुड्याचा घाट चढून धडगाव, आणि पुढे सरदार सरोवराच्या फुगवट्याकाठचे पाडे. काही पाड्यांवर बोटीनेच जावं लागतं.

मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही, घरी आधीच सांगून ठेवा. टॉर्च, मच्छरदाणी, रोजची औषधं, ओआरएसची पाकिटं, सुटे पैसे एवढं हवंच. सोबत दादर ज्वारीच्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. मिरचीच्या गावाहून निघालात, ती तिखटच असणार. पाड्यांवरच्या पावरा-भिलांच्या घरी पाहुण्याला उपाशी ठेवत नाहीत, म्हणून तर आपला शिधा आपण न्यायचा.

‘बिचारे अंधारात राहतात’ हा कळवळा मात्र घरी ठेवून निघा. याच भागातल्या बिलगावच्या लोकांनी २००३ मध्ये श्रमदान करून धबधब्यावर स्वतःची वीज तयार केली होती. २००६ मध्ये सरदार सरोवराच्या पाण्यात ते वीजघर बुडालं. दिवे कुणामुळे गेले, हे त्यांना नीट ठाऊक आहे.

निघण्याआधी तिथल्या ओळखीच्या माणसाकडे निरोप धाडा, आणि नेलेलं प्लास्टिक परत घेऊन या.