शाळेचा धनी कोण ?

सातपूरच्या कारखान्यांत रात्रपाळी करून पहाटे खोलीवर परतणाऱ्या कामगाराच्या मुलाच्या वर्गास शिक्षक नसला, तर ती तक्रार त्यानें न्यावी तरी कोठें ? मुख्याध्यापक महानगरपालिकेकडे बोट दाखवील, महानगरपालिका राज्य सरकारकडे, आणि राज्य सरकार दिल्लीकडे. तोंवर मुलाचें एक वर्ष संपलेलें असेल. सातपूर हें नाशिकजवळचें, त्र्यंबक रस्त्यावरील खेडें. तेथें औद्योगिक वसाहत झाली आणि १९८२ सालीं नव्या नाशिक महानगरपालिकेच्या हद्दींत तें आलें. गांवचें शहर झालें. पण शाळेचा धनी कोण, हा प्रश्न सुटला नाहीं.

हा घोळ आजचा नव्हे. १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें जोतीराव फुले यांनीं, शेतकऱ्याच्या घामाचा पैसा वरच्या वर्गांच्या शिक्षणावर खर्च होतो, अशी तक्रार रोखठोक मांडली. त्याच वर्षीं लॉर्ड रिपन यांच्या ठरावानें स्थानिक स्वराज्याचा पाया घातला गेला. पण शाळेसाठीं पैसा हवा म्हटलें कीं सरकारचा हात आंखडे. गोखल्यांनीं १९११ सालीं सक्तीच्या शिक्षणाचें बिल मांडलें, तेंही सक्तीचा निर्णय स्थानिक संस्थांवर सोंपविणारें असें मवाळ होतें. तरी १९१२ सालीं तें १३ विरुद्ध ३८ मतांनीं फेटाळलें गेलें. कोल्हापुरांत शाहू महाराजांनीं मात्र १९१७ सालीं तेंच काम हातीं घेतलें. मुंबई इलाख्यांत विठ्ठलभाई पटेलांच्या १९१८ च्या कायद्यानें म्युनिसिपालिट्यांस सक्तीचा अधिकार मिळाला, व १९२३ च्या कायद्यानें शाळांचा कारभारच लोकनियुक्त संस्थांच्या हातीं आला. त्या अधिकाराचा उपयोग कित्येक ठिकाणीं शिक्षकांच्या नेमणुका-बदल्यांत गटबाजी करण्याकडे झाला, हें नाकबूल करण्यांत अर्थ नाहीं. आणि तेंच निमित्त होऊन १९३८ ची दुरुस्ती व १९४७ चा कायदा यांनीं लगाम पुन्हां सरकारकडे गेला. पुढें २०१३ सालीं शिक्षण मंडळेंच मोडीत काढण्याचें ठरलें. मंडळांत दोष होते, पण दुखऱ्या पायावर उपाय म्हणून पायच कापणारा वैद्य आम्हांस शहाणा वाटत नाहीं.

अधिकार असा मागें-पुढें सरकत राहिला, तरी कर्तव्य जागचें हललेलें नाहीं. १९४९ च्या महानगरपालिका कायद्यांत कलम ६३ व कलम ६६ अशीं दोन कलमें आहेत. पहिल्यांत महानगरपालिकेनें केलींच पाहिजेत अशीं कामें आहेत, दुसऱ्यांत तिनें वाटल्यास करावीं अशीं. वकिलीच्या धंद्यांत या दोन क्रियापदांवर खटले जिंकले आणि हरले जातात. प्राथमिक शाळा चालविणें व त्यांस योग्य जागा देणें हें कलम ६३ मध्यें आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचें कलम ९ तर याहून स्पष्ट आहे. हद्दींतील चौदा वर्षांपर्यंतच्या प्रत्येक मुलाची नोंद ठेवणें, इमारत व शिक्षक पुरविणें, आणि स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांस प्रवेश मिळवून देणें हीं स्थानिक संस्थेचीं बंधनें होत. सातपूरसारख्या ठिकाणीं, जेथें कंत्राट संपलें कीं कुटुंब पेटी-वळकटीसह दुसरीकडे जातें, तेथें या नोंदीवांचून बाकीचें सारें फोल आहे. जें मूल वहींतच नाहीं तें शाळेंत नाहीं हें कळणार कोणास ?

फेब्रुवारी २०२४ मध्यें राज्य सरकारनें असा नियम केला कीं, एका किलोमीटरच्या आंत सरकारी वा अनुदानित शाळा असेल, तर खाजगी विनाअनुदानित शाळेवर गरीब मुलांसाठीं २५ टक्के जागा राखण्याचें बंधन नाहीं. १९ जुलै २०२४ रोजीं मुंबई उच्च न्यायालयानें तो रद्द केला, हें योग्यच झालें. महापालिकेची शाळा सुधारण्यासाठीं तिच्याकडे पाहावयाचें नाहीं, आणि शेजारच्या श्रीमंत शाळेस सूट द्यावयाची वेळ आली कीं मात्र तिचें अस्तित्व आठवावयाचें, हा न्याय कोणता ?

मार्च २०२२ मध्यें नाशिक महानगरपालिकेची मुदत संपल्यावर तीन वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकाच्या हातीं होता. प्रशासक कितीही कार्यक्षम असो, मत मागण्यासाठीं सातपूरच्या चाळींत त्यास यावें लागत नाहीं. मग शाळेविषयीं त्यास जाब कोण विचारणार?

उरली शाळा व्यवस्थापन समिति. तिचे तीन चतुर्थांश सभासद पालक, आणि निम्म्या सभासद स्त्रिया असाव्या, असा कायदा आहे. शाळेचा विकास आराखडा करणें व अनुदानाच्या खर्चावर नजर ठेवणें हें तिचें काम. पण सभा कामाच्या दिवशीं दुपारीं भरली, तर यंत्रावर उभा असलेला बाप आणि धुण्याभांड्यास गेलेली आई तेथें येणार कशीं ? सही तेवढी मागाहून घेतली जाईल. सभा साप्ताहिक सुट्टीच्या दिवशीं घ्यावी आणि खर्चाचा तक्ता मराठींत व हिंदींत भिंतीवर लावावा. यास नवा कायदा नको कीं नवा पैसाही नको.

आणि सातपूरच्या विभागीय कार्यालयानें, जूनमध्यें शाळा उघडण्यापूर्वीं, प्रत्येक प्रभागांत मुलें किती, शाळेंत किती व शाळेबाहेर किती, हे तीन आंकडे आपल्या दारावर लावावे. नांवें नकोत, आंकडे पुरेत. ते लावतां येत नसतील, तर कलम ९ प्रमाणें ठेवावयाची नोंद कोठें आहे, हें आयुक्तांस लेखी विचारण्याचा अधिकार सातपूरच्या प्रत्येक पालकास आहे.